गहिवराचा दिवा

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थानं दोनच शोध लागले. एक अग्नीचा आणि दुसरा गहिवराचा. पहिल्यानं माणूस पशूपासून दूर गेला, दुसऱ्यानं तो पुन्हा माणसाजवळ आला.

हे वाक्य 'गहिवर' यंत्राच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे. त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतं: 'ओलाव्यापासून दूर ठेवावे.'

यंत्र शर्टाच्या बटणाएवढं. कॉलरला लावायचं, माईकशी जोडायचं आणि बोलायला उभं राहायचं. काय बोलायचं याला काही बंधन नव्हतं. सोनकुरणच्या समाजमंदिरात पहिली चाचणी झाली तेव्हा एका कार्यकर्त्यानं वीज कधी कधी जाणार याचं वेळापत्रक वाचून दाखवलं. गुरुवारपर्यंत सगळे ठीक होते. 'शुक्रवारी दुपारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद' असं तो म्हणाला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शनिवारी सरपंच उठून बाहेर गेले आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. माणूस रडू दाबून बोलतो तेव्हा त्याच्या घशात भांडण लागलेलं असतं. हुंदक्यासाठी घसा उघडा राहू बघतो आणि बोलण्यासाठी स्वरतंतू एकमेकांना भिडू बघतात. या ओढाताणीत आवाजाला बारीक कंप सुटतो. ऐकणाऱ्याच्या मेंदूला तो कंप शब्दांच्या आधी पोचतो. ही गोष्ट आयांना आणि तान्ह्या पोरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पुढाऱ्यांना जरा उशिरा कळली. पण नुसता आवाज कापरा करून भागत नाही, त्यानं वक्त्याला सर्दी झाल्यासारखी वाटते. खरी मेख वेळेत होती. एकाच माणसाला ऐकत बसलेल्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. सगळ्यांच्या छात्या रिकाम्या झालेल्या असतात आणि पुढचा श्वास अजून आत आलेला नसतो, नेमक्या त्या क्षणी कंप कानावर पडला की श्वास अडकतो आणि घसा दाटतो. दाटलेल्या घशाला मग मेंदू कारण शोधतो आणि समोर जे असेल ते त्याला चिकटवतो: देश, आई, ऊसदर.

'गहिवर' हलक्या रेडिओलहरी सोडून समोरच्या छात्यांची हालचाल टिपायचं, तो रिकामा क्षण पकडायचं आणि वक्त्याच्या आवाजात बरोबर तिथे कंप पेरायचं. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकलेलं असे.

हा रिकामा क्षण शोधून काढला शर्वरी थिटे या मुलीनं, पुण्याच्या एका कंपनीत. पण तिला तो सापडला कुठे, हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. तिला तो सापडला होता वडिलांच्या आवाजात.

भागवत थिटे सर सोनकुरणच्या शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या भागात एक पद्धत आहे. दहाव्याला नदीवर पिंड मांडून झाला की कावळा शिवेपर्यंत गेलेल्या माणसाबद्दल माईकवरून चार शब्द बोलायचे. चेअरमन बोलतात, पाहुणे बोलतात, इच्छुक उमेदवार तर बोलतातच. पण थिटे सरांचं बोलणं म्हणजे वेगळी गोष्ट. सर येणार म्हटलं की ज्यांचा मयताशी काडीचा संबंध नाही अशी माणसंही स्वच्छ रुमाल घेऊन यायची. सर चष्मा काढायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग 'माउली' म्हणायचे. तेवढ्यावर घाट रडायचा.

"बाबा, नेमकं किती थांबायचं हे कसं कळतं तुम्हाला?" शर्वरीनं कॉलेजात असताना विचारलं होतं.

"दुसऱ्या रांगेतल्या बायकांचे पदर बघायचे," सर म्हणाले होते. "ते वरखाली व्हायचे थांबले, की बोलायचं. पहिल्या रांगेकडे बघू नये. तिथे नातेवाईक असतात, ते कशानंही रडतात."

तेव्हापासून ती त्यांची भाषणं फोनवर घेऊन ठेवायला लागली. आठवण म्हणून. पुढे त्याच आठवणींवर यंत्र शिकलं.

घरात एकच माणूस असं होतं ज्यानं सरांचं एकही भाषण ऐकलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, वैजयंताबाई. सर घाटावरून आले की त्या पायावर पाणी ओतता ओतता विचारायच्या, "आज किती पदर भिजवलेत?" कधी म्हणायच्या, "तुमच्या भाषणात मेलेला माणूस फार चांगला निघतो. म्हणूनच गावातली माणसं पटापट मरतात."

यंत्र बाजारात आलं तेव्हा घराघरांत कौतुक झालं. कारखान्याच्या सभेत लोक रडले, लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे रडले. शाळेच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शनाला मंडपवाल्याचं नाव घेतल्यावर सगळे उभे राहिले. मग एका शहरात सभेतली माणसं आधी रडली आणि नंतर उठून त्यांनी शेजारच्या वस्तीतली दुकानं जाळली. कशासाठी, असं पोलिसांनी विचारलं तर एकालाही सांगता येईना. सगळे एवढंच म्हणाले, "भरून आलं होतं."

त्यानंतर कायदा झाला. प्रत्येक जाहीर माईकवर एक दिवा हवा. वक्त्याच्या अंगावरचं यंत्र शोधणं अवघड होतं, कारण ते बटणात, दातात, कुठेही बसायचं. म्हणून दिवा यंत्राला शोधतच नसे. तो आवाज तपासायचा. कंप बरोबर श्रोत्यांच्या रिकाम्या श्वासावर पडतोय असं दिसलं की तो लाल व्हायचा आणि दुसरं कुणी बोलायला लागेपर्यंत तसाच राहायचा. लाल म्हणजे गहिवर यंत्राचा. हा दिवाही शर्वरीच्याच कंपनीनं तयार केला. चोर आणि फौजदार एकाच कारखान्यातून बाहेर पडू लागल्यानं दोघांचंही काम स्वस्तात झालं.

दिव्यानं रडणं थांबेल असं सरकारला वाटलं होतं. ते काही थांबलं नाही. लोक लाल दिव्याकडे बघत रडायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "मशीनचंच होतं, पण छान होतं." बिघडलं ते दुसरीकडेच. दिवा फोनमध्ये आला, फोन घरात आला. पोरगं 'पोटात दुखतंय' म्हणालं की आई आधी फोनकडे बघायला लागली. नवऱ्यानं 'चुकलो' म्हटलं की बायको म्हणायची, "थांबा, जरा उजेडात या."

आणि त्याच वर्षी वैजयंताबाई आजारी पडल्या.

शहरातल्या इस्पितळात औषधांचे फेरे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आणखी एक फेरा देऊन बघता येईल, आग्रह नाही. बाईंनी लगेच सांगून टाकलं, "मला घरी न्या. कुरडया घालायचे दिवस आलेत आणि मी इथे पंख्याकडे बघत पडलेय."

सर त्यांच्या उशाशी बसले होते. शर्वरी दारात उभी होती. सरांनी बायकोचा हात हातात घेतला, चष्मा काढला, आणि थोडे थांबले.

"वैजू," ते म्हणाले, "शर्वरीसाठी. एकदाच."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "चष्मा घाला आता."

तो फेरा त्यांना झेपला नाही. त्या घरी आल्या नाहीत.

इस्पितळाच्या जिन्यात शर्वरीनं बापाला गाठलं. "बाबा, तुम्ही आईपुढे सभा घेतलीत."

"काय बोलतेस तू?"

तिनं फोन पुढे धरला. त्या वेळी तो तिच्या हातातच होता आणि दिवा लाल झालेला तिनं पाहिला होता. "हे बघा. तिला घरी यायचं होतं. तुम्ही तिला भाषण करून थांबवून घेतलंत."

"अगं, मी मनापासून..."

"दिवा काय म्हणतोय ते बघा."

"तो दिवा तुझा आहे!"

"आणि आवाज तुमचा."

त्यानंतर दोघांत बोलणं उरलं ते 'दूध आलं का' आणि 'किल्ली कुठंय' एवढंच. दहावा झाला की दुपारच्या गाडीनं शर्वरी पुण्याला जाणार होती. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती फार मोठी होती. एवढी मोठी बॅग माणूस परत यायचं नसेल तेव्हाच भरतो, हे सरांना दिसत होतं. पण विचारायचं कसं? विचारताना आवाज हलला तर?

दहाव्याला घाटावर माणूस मावत नव्हतं. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दहाव्याला बोलायचं, त्यांच्याच घरचा दहावा. आज ते काय बोलतात हे ऐकायला चार गावं लोटली होती. सरांनी मात्र सकाळीच सांगितलं होतं, "मी बोलणार नाही." लोकांना तोही भाषणाचाच भाग वाटला.

पिंड मांडून झाला. शेजारी बाईंना आवडायची म्हणून कुरडई ठेवली. चिंचेवर कावळे बसले होते, पण खाली कुणी येईना. सरांच्या थोरल्या बहीण चंपाआत्या पिंडाच्या जवळच दगडावर मांडी घालून बसल्या होत्या.

पहिल्यांदा बोलले विजयबापू कराळे. बापू पुढच्या निवडणुकीला उभे राहणार होते. त्यांनी माईक घेऊन तोंड उघडताच दिवा लाल झाला. बापूंनी तो लपवला नाही, उलट त्याच्याकडे बोट केलं. "लागू द्या. यंत्र माझं असेल, पण वहिनी आपल्या सगळ्यांच्या होत्या!"

घाट हुंदके द्यायला लागला. बाईंच्या नावानं सभागृह बांधू असं ते म्हणाले तेव्हा गुरुजींच्याही हातातला दर्भ थरथरला. एकट्या चंपाआत्या कोरड्या डोळ्यांनी चिंचेकडे बघत होत्या. "धक्का बसलाय त्यांना," कुणीतरी म्हणालं.

कावळा आला नाही.

मग नातेवाईक एकेक करून पिंडाजवळ येऊन हात जोडू लागले. गेलेल्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखून शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. "वैजूताई, शर्वरीचं लग्न आम्ही बघू," मामा म्हणाले. शर्वरीनं मामांकडे असं बघितलं की कावळा आला असता तरी परत गेला असता. "काकू, तुमची तुळस मी नेते." "वहिनी, दादाला जेवायला आमच्याकडे." कावळे मान वाकडी करून ऐकत होते, पण जागचे हलत नव्हते.

"सर, तुम्ही बोला," मागून कुणीतरी ओरडलं. "त्या तुमचंच ऐकतील."

"कधी ऐकलंय?" सर पुटपुटले. पण माईक हातोहात त्यांच्यापर्यंत आला होता. शर्वरी समोरच उभी होती. सरांनी चष्मा मुद्दाम नाकावर घट्ट बसवला. दुसऱ्या रांगेकडे पाठ केली. पिंडाकडे बघून म्हणाले, "वैजू, तुला घरी न्यायला हवं होतं."

एवढंच. दिवा लाल झाला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुजबुज वाऱ्यासारखी पसरली. "सरांनी पण?" "बायकोच्या दहाव्याला?" "म्हणजे इतकी वर्षं..." "छे, तेव्हा यंत्र कुठं होतं?" "काय सांगावं, मास्तर हुशार माणूस." दुसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं, जिचा नवरा, दीर आणि मुलगा सरांच्याच भाषणांनी मार्गी लागले होते, डोळ्याला लावलेला पदर काढून कमरेला खोचला.

बापूंचा एक कार्यकर्ता पुढे आला. "सर, राग मानू नका," म्हणत त्यानं सरांची कॉलर चाचपली. मग बटणं. "तोंड उघडता का जरा? दातात बसवतात हल्ली." सरांनी तोंड उघडलं. तीर्थ घेताना लहान मूल गुरुजींपुढे उघडतं तसं. आत दात होते, त्यांतले काही नव्हते, बाकी काही नव्हतं.

दिवा लालच होता.

शर्वरी हे बघत होती. यंत्र कशावर शिकलं हे त्या घाटावर तिला एकटीला माहीत होतं. ज्या आवाजावरून यंत्र घडलं, तो आवाज जेव्हा जेव्हा भरून येईल, तेव्हा दिव्याला तो यंत्राचाच वाटणार. खरं असो, खोटं असो. इस्पितळातही तेच झालं होतं. ही साधी गोष्ट तिला जिन्यातच कळायला हवी होती; ती इंजिनिअर होती. पण त्या दिवशी तिला बापाला दोषी ठरवायचं होतं आणि हाताशी दिवा होता. आता तेच काम हजार माणसं करत होती.

तिनं सरांच्या हातातून माईक घेतला.

"दिवा चुकतोय," ती म्हणाली. "बाबांकडे यंत्र नाहीये. यंत्र मी तयार केलंय आणि ते बाबांच्या भाषणांवरून तयार केलंय. त्यांना न विचारता. म्हणून दिव्याला त्यांचा आवाज यंत्राचा वाटतो. असा आवाज ज्यांचा ज्यांचा असेल त्या सगळ्यांना हा दिवा खोटं ठरवणार. हे कंपनीत मी कुणाला सांगितलेलं नाही."

बापू जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, हे सगळं चार जणांच्या फोनवर लाइव्ह चाललंय. सरकारनं गावोगाव दिवे लावलेत. नोकरी जाईल, वर खटला होईल."

"माहितीये, काका," ती म्हणाली आणि तेच सगळं पुन्हा एकदा, आणखी सावकाश सांगितलं. जणू पावणेदोनची गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सांगत असावी. तिच्या आवाजात तिच्या आईचा कोरडेपणा उतरला होता. दिवा लागला नाही.

"बघा, दिवा नाही लागला. खरं बोलतीये पोरगी," एक जण म्हणाला.

"खरं असतं तर आवाज हलला नसता का?" दुसरा म्हणाला. "बापाची अब्रू चाललीय आणि ही पाढे म्हणतीये."

"एवढं सगळं हिनं केलंय तर मग दिवा बरोबर आहे का चूक?"

"दोन्ही."

वाद चांगलाच रंगला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. पुढच्या दहाव्याची मंडळी वरच्या पायरीवर येऊन उभी होती. तेवढ्या गोंधळात सर लेकीजवळ आले. तिनं माईक खाली धरला होता.

"मी त्या दिवशी सभा घेतली नव्हती गं," ते म्हणाले.

"मला नाही सांगता येत, बाबा," शर्वरी म्हणाली. "दिव्यालाही नाही येत. तुम्हाला तरी येतं का?"

सरांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. अर्ध्यावर त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी तो त्यांनी धोतराला पुसला.

"नाही," ते म्हणाले. "तिला घरी यायचं होतं. मला ती हवी होती. एवढं माहितीये. आवाजाचं नाही सांगता येत. इतकी वर्षं लोकांना रडवलं, त्यात माझं रडणं कुठलं ते आता मलाच ओळखू येत नाही." जरा थांबून, कुणाच्याही पदराकडे न बघता ते म्हणाले, "ती मोठी बॅग... सगळी न्यायचीच आहे का?"

शर्वरीनं माईक या हातातून त्या हातात घेतला. तिचा गळा दाटला होता. तिला स्वतःलाच त्याचा भयंकर राग आला, कारण आपला श्वास कधी रिकामा होता हेही तिनं आपसूक मोजलं होतं.

"लागला का दिवा? आत्ता सर बोलले तेव्हा?" मागून कुणीतरी विचारलं.

"उन्हात दिसत नाही नीट."

"माईक वर धरा की!"

गुरुजींनी सुस्कारा सोडला. "चला, दर्भाचा कावळा करतो. खऱ्याला काही आज पाझर फुटत नाही." ते पिंडापाशी वाकले आणि तसेच राहिले. पिंडाचा एक कोपरा गेलेला होता. शितं इकडेतिकडे सांडली होती आणि कुरडईचा तुकडा बाजूला पडला होता.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हंजी?" चंपाआत्या दगडावरून म्हणाल्या. "कावळ्यानं. शिवला की कवाच."

सगळा घाट पिंडाकडे वळला. मग बाप आणि लेक दोघंही एकाच वेळी म्हणाले, "कधी?"

"मघाशी. तुम्ही सगळी त्या दिव्याकडं बघत व्हता तवा."

"अक्का, नीट आठव," सर त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. "तेव्हा कोण बोलत होतं? मी बोलत होतो, की शर्वरी?"

"काय?"

शर्वरीनं आत्याच्या कानाशी तोंड नेलं. "आत्या! कावळा शिवला तेव्हा बोलत कोण होतं? की बाबा शेवटी बोलले तेव्हा? माईक नव्हता तेव्हा?"

"काय की बाई. कानाचं मशीन घरी चार्जिंगला ऱ्हायलंय. मला आपली समद्यांची तोंडं हलताना दिसत होती. तो आला, शिवला, गेला."

"पण आत्या, बाबा उभे होते का तेव्हा, की..."

"आता उगं पिडू नका," चंपाआत्या म्हणाल्या आणि त्यांनी दोन बाजूंना दोन हात वर केले. "एकानं इकडनं धरा, एकानं तिकडनं, आन् मला उठवा. पायाला मुंग्या आल्यात."